पालथी वाटी

देवपूरला मी भाड्यानं खोली घेतली त्या दिवशी घरमालकांनी मला चहा आणून दिला, तो कप काठापासून चांगला बोटभर रिकामा. मुलींच्या शाळेत मी नुकती शिक्षिका म्हणून लागले होते, धुळ्याच्या उन्हात ट्रंक आणि वळकटी ओढत आले होते, आणि मला भरलेला कप हवा होता. मी जरा कुचकटपणेच विचारलं, "दूध संपलंय का?" त्यांनी डाव्या मनगटावर टाकलेला पांढरा पंचा सारखा केला आणि शांतपणे म्हणाले, "नाही बाई. जहाज हलतं."

मी खाली पाहिलं. शहाबादी फरशी होती. खिडकीतून पांझरेचं पात्र दिसत होतं, त्यात म्हशीला डुंबायलासुद्धा पाणी नव्हतं. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "बाई, ध्यान नका दिऊ. त्यासनं जहाज अजून हाली ऱ्हायनं!"

या बाई म्हणजे अक्का, आणि हे गृहस्थ म्हणजे देवपुरातले जहाजवाले नाना. मूळचे भडगावकडचे, गिरणेकाठच्या एका खेड्यातले. घरचं भांडण झालं म्हणून पोरवयात मुंबईला पळाले, आणि कुणाच्या तरी ओळखीनं प्रवाशांच्या एका परदेशी जहाजावर भांडी घासायला लागले. पुढे जेवणघरात वाढपी झाले आणि नंतर उभा जन्म त्यांनी जहाजाच्या बारमध्ये गोऱ्या लोकांचे ग्लास भरले. स्वतः कधी थेंबाला शिवले नाहीत. हे मात्र देवपुरात कुणालाही खरं वाटत नसे.

लोकांचा मला तेव्हा फार राग यायचा. चांगल्या घरची, टोपी-कोट घालणारी माणसं संध्याकाळची नानांकडे येऊन बसायची. इकडचं तिकडचं बोलायची, मग आवाज खाली आणून म्हणायची, "नाना, काही आणलंय का तिकडचं?" नाना उठायचे. कपाटातून उंच, निमुळता, पुसून लख्ख केलेला ग्लास काढायचे, तो उजेडाला धरून बघायचे, ताटलीत ठेवून, पंचा मनगटावर टाकून, कमरेत किंचित वाकून पाहुण्यापुढे ठेवायचे. त्यात ताक असायचं. जिरं घातलेलं. पाहुणे ते पिऊन जायचे आणि चौकात जाऊन सांगायचे, म्हातारा पक्का आहे, एकटा पितो.

घरात त्यांनी जहाज बांधलं होतं म्हटलं तरी चालेल. भांड्यांच्या फळीला पुढून लाकडी पट्टी ठोकलेली होती, म्हणजे ग्लास घसरून पडू नयेत. सगळे पेले पालथे. खाटेलाही एका बाजूनं फळी होती. वैशाखातसुद्धा पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि तेही खडूनं पांढरे केलेले. अक्का म्हणायच्या, "बाकीना लोके परदेशमाइन सोनं लयेतस, आमना मानूस बूटले लावाले खडू लयना." माझ्याशी बोलताना नाना शुद्ध, इस्त्री केल्यासारखं मराठी बोलत, ते मुंबईत शिकलेले. अक्कांशी मात्र अहिराणी, तीही फक्त भांडताना. एरवी दोघं बोलत नसत.

त्यांची एक ठरलेली समजूत होती, ती मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकली. ते म्हणायचे, "बाई, पिणाऱ्याला तहान असते तोपर्यंत तो ग्लासाकडे बघतो. पुरे झालं की लोकांकडे बघायला लागतो. तिथं आपण हात थांबवायचा." ग्लास दारूचा असो की उसाच्या रसाचा, त्यांना फरक नव्हता. बस स्टँडजवळच्या रसवंतीत उभे राहून ते अनोळखी माणसाला सांगायचे, "भाऊ, तुमचं झालं आता." लोक त्यांना वेडा म्हणायचे. रसवंतीवाला तर त्यांना लांबून बघितलं की घंटा वाजवायची थांबवायचा.

एकदा गावात एका नव्या हॉटेलावर पाटी लागली, 'अनलिमिटेड थाळी, मनसोक्त ताक'. नाना आत गेले आणि गल्ल्यावरच्या मालकाला म्हणाले, "अनलिमिटेड म्हणजे काय?" मालक म्हणाला, "म्हणजे पाहिजे तेवढं." नाना म्हणाले, "कोणाला पाहिजे तेवढं?" मालक म्हणाला, "गिऱ्हाइकाला." नाना म्हणाले, "मग हे वाढपी कशाला ठेवलेत? नळ लावा!" आणि हे त्यांनी इतक्या मोठ्यानं म्हटलं की जेवणाऱ्यांचे घास थांबले. मालकानं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. घरी आल्याआल्या फळीवरचे पेले उतरवून ते एकेक पुसायला लागले. मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. एका पाटीवर माणूस इतका का चिडतो, हे मला तेव्हा कळेना.

जहाजाच्या गोष्टी ते तुकड्या-तुकड्यानं सांगत. सुरुवातीच्या काळात म्हणे प्रवासी महिना-महिना जहाजावर राहायचे. संध्याकाळी कपडे बदलून बारमध्ये यायचे. नानांना त्यांची नावं पाठ, आजारपणं पाठ, कुणाची बायको वारली, कुणाचा मुलगा बोलत नाही, सगळं पाठ. कुणाला किती द्यायचं आणि कुणाला कुठे थांबवायचं हे नानांच्या हातात. थांबवायचीही रीत होती. नाही म्हणायचं नाही. पाण्याचा ग्लास पुढे करायचा, हवेबद्दल बोलायचं, माणूस आपणहून उठायचा. "ते आमच्याकडे पाहुणे होते, बाई," नाना म्हणायचे, "आणि मी यजमान. पगार कंपनी द्यायची ती गोष्ट वेगळी."

मग जहाजं मोठी झाली आणि सफरी छोट्या झाल्या. आठवडाभराचे प्रवासी येऊ लागले. नानांचा पांढरा कोट गेला आणि त्यांना फुलाफुलांचा सदरा दिला. काचेचे पेले जाऊन प्लॅस्टिकचे आले, त्यात कागदाची छत्री खोचायची. डेकवर दिवसभर मोठ्यानं गाणी. एक दिवस हुकूम आला की वाढप्यांनी ग्लास नेताना नाचत न्यायचे, प्रवाशांना मजा वाटते. "मला म्हणाले, नाच. या वयात. ट्रे घेऊन नाच!" हे सांगताना नाना उठून उभे राहायचे, हातात नसलेला ट्रे धरायचे आणि पाय न हलवता तसेच उभे राहायचे. ते नाचले की नाही हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. पण कुठल्या तरी कचेरीत बसून असा हुकूम काढणाऱ्या माणसाच्या मुस्काटात द्यावी असं मला वाटायचं, आणि आजही वाटतं.

आणि मग आलं पॅकेज. प्रवाशानं बोटीवर चढतानाच एकदाच काय ते पैसे भरायचे, गळ्यात रंगीत कार्ड अडकवायचं आणि उतरेपर्यंत हवं ते, हवं तितकं प्यायचं. कार्ड दिसलं की ओतायचं. विचारायचं नाही, बोलायचं नाही. या गोष्टीपाशी नाना नेहमी थांबायचे. "पॅकेज आलं आणि मी घरी आलो," एवढंच म्हणायचे. देवपुरात त्याचा अर्थ असा लावला होता की नानांनी बाटल्या चोरल्या आणि कंपनीनं हाकललं.

नानांना एकच मुलगी, लता. अक्कांसारखी हसरी आणि नानांसारखी हट्टी. तिचं लग्न पारोळ्याच्या एका मोठ्या घरात झालं. व्याही कापसाचे व्यापारी, आबा म्हणून तालुक्यात प्रसिद्ध. घरी जीप, मागे भाऊबंदांचा गोतावळा, आवाज असा की खळ्यातून हाक मारली तर बाजारात ऐकू जावी. माणूस वाईट नव्हता. पण आपण किती खातो, किती पितो, किती बोलतो हे चारचौघांनी बघावं अशी त्यांना फार हौस.

आमच्याकडे खानदेशात लग्नानंतर व्याह्यांना रसाला बोलवायची पद्धत आहे. आंब्याचा रस आणि उपड्या मातीच्या खापरावर भाजलेले मांडे. हे जेवण म्हणजे जेवण नसतं, मैदान असतं. यजमानानं वाटीमागून वाटी ओतायची, पाहुण्यानं नको नको म्हणत रिकामी करायची, आणि भाऊबंदांनी बाजूनं मोजायचं. पाहुणा शेवटी ताटावर हात आडवा धरतो, तरी त्याच्या बोटांवर रस ओतायचा, तेव्हा कुठे आग्रह झाला म्हणतात. यजमानानं आपणहून हात थांबवला असं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

लग्नानंतरच्या ज्येष्ठात आबा सात-आठ भाऊबंद घेऊन देवपूरला आले. अक्कांनी पहाटेपासून चुलीवर खापर चढवलं होतं. मी मदतीला होते. नाना पंचा मनगटावर टाकून, रसाचा जग घेऊन पंगतीतून फिरत होते. वाट्या बोटभर कमी भरत होते, त्यावर एकदा कुजबुज झाली, पण आबांनी पहिली वाटी घेतली, दुसरी घेतली, तिसरीला "वा याही, वा!" म्हणाले, याही म्हणजे व्याही. चौथीला त्यांनी वाटी पुढे केली आणि डावीकडे, उजवीकडे भाऊबंदांकडे पाहिलं.

नाना थांबले. पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हणाले, "आबा, औंदा उकाडा फार आहे."

आबा म्हणाले, "उकाडा शे म्हनीसनच आखो रस!"

नाना परत हवेबद्दल काहीतरी बोलले. आबांनी वाटी आणखी पुढे केली, आणि सगळे बघत होते. तेव्हा नानांनी ती वाटी आबांच्या हातातून हलकेच घेतली आणि ताटात पालथी घातली.

आबा ताटावरून उठले. "मनी वाटी पालथी घाली? जवाईना बापनी?" एवढंच बोलले आणि हात न धुता चालते झाले. मागोमाग सगळे भाऊबंद. जावई सगळ्यात शेवटी उठला, तो खाली मान घालून. लता नुकती माहेरी आली होती, तिलाही जीपमध्ये बसवून घेऊन गेले. अक्का चुलीपाशी उभ्या होत्या, हातात ताणलेला मांडा होता, तो तसाच फाटला.

मला नानांचा इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. स्वतःचं तत्त्व, स्वतःचं जहाज, आणि किंमत कुणी द्यायची तर त्या पोरीनं! अक्का रोज उठून तेच म्हणायच्या, "ज्या घरमा पोर दिधी, त्या घरना मानूसले तुमी थांबाडतस?" नाना फळीवरचे पेले पुसत राहायचे.

वर्ष गेलं. आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातल्या लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, गल्ली नुसती गजबजून जाते. अक्कांनी अंगणातल्या निंबाला झोका बांधला. लता आली नाही. शेजारच्या मुली लाजून त्या झोक्यावर बसेनात. अक्का शेवटी स्वतःच त्यावर बसल्या, पाय जमिनीला टेकवून, आणि तशाच बसून राहिल्या. मी त्यांना उठवून आत नेलं.

त्यातच कळलं की लताला दिवस गेलेत आणि सातवा लागतोय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत. आबांनी निरोप पाठवला तो एका मध्यस्थाबरोबर. पोरीला पाठवू. पण याहींनी पारोळ्याला यावं आणि त्याच भाऊबंदांसमोर, ज्या हातानं वाटी पालथी घातली त्या हातानं मला रस वाढावा. मी पुरे म्हणेपर्यंत. मध्यस्थ हे सांगताना हसत होता, जसं काही फार गंमतीची गोष्ट आहे. पोटुशी पोर ओलीस ठेवायची आणि वर हसायचं! मी त्याला चहा दिला नाही.

नाना म्हणाले, "मी जाणार नाही."

तेव्हा माझा तोल गेला. दुपार होती, अक्का आत डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. मी भाडेकरू आहे, परकी आहे, हे विसरून म्हणाले, "नाना, जहाजावर तुमचं ऐकलं नाही म्हणून तुम्ही नोकरी सोडली, तो तुमचा मान. पण इथं पोरीचा जीव टांगणीला लागलाय. एक दिवस ओता की! तुमच्या हाताला काय झिजतंय?"

ते बराच वेळ पेला पुसत राहिले. मग म्हणाले, "मी ओतलं होतं, बाई."

त्यांनी पेला फळीवर पालथा ठेवला आणि बसून सांगितलं.

जहाजावर एक म्हातारे साहेब दरवर्षी यायचे. एकटेच, बायको वारलेली. रोज संध्याकाळी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे. दोन ग्लास घ्यायचे आणि दुसरा संपला की स्वतःच तो टेबलावर पालथा घालायचे. नानांकडे बघून मान हलवायचे आणि झोपायला जायचे. बरीच वर्षं हा नेम. पालथा ग्लास ही नानांची नव्हे, त्यांची खूण. मग ज्या वर्षी पॅकेज आलं, त्या वर्षी साहेबांचा मुलगा बरोबर आला, सून आली, त्यांचे दोस्त आले. मुलानं सगळ्यांच्या गळ्यात कार्डं घातली, बापाच्याही. पहिल्या संध्याकाळी म्हाताऱ्यानं ग्लास पालथा घातला. मुलानं तो सुलटा केला. म्हणाला, "पैसे भरलेत आपण, प्या." नानांनी ओतलं नाही, पाण्याचा ग्लास पुढे केला. मुलानं तक्रार केली. नानांना वर बोलावलं गेलं आणि सांगितलं गेलं की तू इथला यजमान नाहीस. कार्ड दिसलं की ओतायचं.

"दुसऱ्या दिवशी मी ओतलं," नाना म्हणाले. "मुलगा हसत होता, दोस्त टाळ्या वाजवत होते. म्हातारा ग्लासाकडे बघतच नव्हता, बाई. एकदा त्यांच्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. मी ओतत राहिलो. रात्री खोलीकडे जाताना जिन्यावरून पडला. पुढच्या बंदरात त्याला स्ट्रेचरवरून उतरवलं. पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. मला कुणी रागावलंही नाही. उलट वरिष्ठानं पाठ थोपटली, म्हणाला, आता शिकलास."

नानांनी आपल्याच खांद्याला हात लावला, थोपटलं होतं तिथे.

इतकी वर्षं गावानं या माणसाला चोर ठरवलं, मी त्याला तत्त्ववादी समजून डोक्यात राख घातली, आणि तो नुसता एका पालथ्या ग्लासाशी झुंजत होता. मला त्या मुलाचा राग आला, टाळ्या वाजवणाऱ्यांचा आला, सगळ्यात जास्त त्या पाठ थोपटणाऱ्याचा आला. माणूस पडला तर पडला, ज्यानं ओतलं त्याला शाबासकी! पण आतून अक्कांचा हुंदका ऐकू येत होता, आणि त्यापुढे माझा सगळा राग कुचकामी होता. नानांनाही तो ऐकू येत होता. ते उठले आणि म्हणाले, "खडू कुठे आहे? बूट पांढरे करतो. जाऊ पारोळ्याला."

आम्ही तिघं एस.टी.नं गेलो. अक्कांनी मला आग्रहानं नेलं, शिकलेलं माणूस बरोबर असलं की लोक जरा जपून बोलतात म्हणून. तसं काही झालं नाही. आबांच्या ओसरीवर पंगत तयारच होती. मागच्या वर्षीचे सगळे भाऊबंद होते, वर गल्लीतले चार बघे. जावई एका टोकाला, ताटाकडे बघत. आतल्या दारात लता उभी होती, पोट सांभाळत. नानांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि जग उचलला.

"वाढा याही, वाढा," आबा म्हणाले. "मी पुरे म्हनत नही तोवर हात थांबाले नको."

नानांनी वाटी भरली. काठापर्यंत भरली. मी त्यांना कधी काठापर्यंत भरताना पाहिलं नव्हतं. आबांनी ती एका दमात रिकामी केली आणि मिशा पुसल्या. दुसरी. तिसरी. भाऊबंद मोठ्यानं मोजायला लागले. कुणीतरी म्हणालं, "आते याही सुधारनात!" आणि हशा झाला. त्या हशानं माझ्या अंगाची आग झाली. मला उठून तो जग सगळ्यांच्या अंगावर ओतावासा वाटला. अक्कांनी माझा दंड घट्ट धरून ठेवला होता.

नंतर नंतर आबांचा घोट अडकायला लागला. कपाळावर घाम आला. पण वाटी पुढे येतच होती, आणि नजर पंगतीवरून फिरत होती, डावीकडून उजवीकडे, आणि परत. एकदा ती नानांवर येऊन थांबली. जग वाटीवर तिरपा झाला होता.

तेवढ्यात आतल्या दारातून विहीणबाई बाहेर आल्या. थोरल्या दिरांसमोर ही बाई आजवर ओसरीवर आली नव्हती. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. तशाच तरातरा पंगतीच्या मधून आल्या, नवऱ्याच्या हातातली वाटी ओढून घेतली आणि ताटात पालथी घातली.

"बस. आते बस व्हयनं," त्या म्हणाल्या. "मागना साली याहीनी थांबाडं म्हनीसन घर यीसन रागमा पातेलंभर रस पिनात. रातभर घमेलं कोनी धरं? यासनी धरं?" आणि त्यांनी सगळ्या भाऊबंदांकडे हात केला. "मी धरं! आते कोनले दखाडी ऱ्हायनात?"

टोकाला बसलेल्या जावयाला हसू फुटलं. ते त्यानं दाबायचा प्रयत्न केला, तर ते आणखी जोरात आलं. मग एक म्हातारे चुलते हसले, मग सगळी ओसरी. आबा लालबुंद होऊन बसले होते. मी मनाशी म्हटलं, आता हा माणूस ताट भिरकावणार. पण त्यांनी पालथ्या वाटीवर हात ठेवला, एक मोठा ढेकर दिला, आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "सूनबाईनी पेटी जीपमा ठेवा."

परतताना जीपमध्ये अक्का आणि लता यांची तोंडं क्षणभर बंद नव्हती. वर्षभराचं साठलेलं होतं. लता सांगत होती की मागच्या वर्षी आबांच्या त्या रात्रभरच्या ओकाऱ्यांची बातमी घराबाहेर जाऊ नये म्हणून डॉक्टरलाही मागच्या दारानं आणलं होतं. अक्का पोट धरून हसत होत्या आणि मधेच डोळे पुसत होत्या. मीही हसले. नाना पुढे ड्रायव्हरशेजारी ताठ बसले होते. सदऱ्यावर रसाचा डाग पडला होता.

मला राहवेना. मी पुढे वाकून म्हणाले, "नाना, खरं सांगा. विहीणबाई आल्या नसत्या तर तुम्ही हात थांबवला असता ना?"

मला वाटलं होतं ते हो म्हणतील. मला ते ऐकायचंच होतं. त्यांनी मनगटावरचा पंचा सदऱ्यावरच्या डागावर घासला.

"नाही बाई," ते म्हणाले. "ओतली असती. परत ओतली असती."

बऱ्याच वेळानं, देवपूरचा पूल दिसायला लागल्यावर, ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तिथं जहाजावर एक विहीण पाहिजे होती."